एकच, माझ्यातर्फे

—नाही हो ताई, असं एका शब्दात नाही सांगता येत. पुन्हा वाचा बघू तुमच्या पाहणीतला तो सातवा प्रश्न. पुढच्या वर्षी सिगारेट महागणार हे आजच कळलं, तर गिऱ्हाईक आजपासूनच कमी ओढेल का — म्हणजे तुमच्या सरांचं म्हणणं असं, की व्यसनी माणूससुद्धा पुढचं बघून आजचं ठरवतो? आज ओढली की उद्या जास्त लागणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं — बरोबर ना? हुशार आहेत सर. ओढतात का ते? नाही, सहज विचारलं.

आमचा दादा ओढायचा. सख्खा मोठा भाऊ. समोर ते बंद शटर दिसतंय ना, तिथे घड्याळं दुरुस्त करायचा. रस्ता ओलांडून माझ्या ह्या पानाच्या दुकानात यायचा आणि दर वेळी एकच सुटी सिगारेट घ्यायचा. पाकीट कधीच नाही. म्हणायचा, खिशात असलं की हात जातो, तू देशील तेवढीच ओढीन. मीही मोठा शहाणा — आधी दिवसाला दोन द्यायचो, दोनाच्या चार, चाराच्या आठ कधी झाल्या ते दोघांनाही कळलं नाही. चार वाजता तर हमखास यायचा, तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसायचा, भिंग तसंच कपाळावर सरकवलेलं — आणि बोलायचो आम्ही. काय बोलायचो? काही नाही. त्याचा गुडघा, आईचा हट्ट, कुणाचं घड्याळ पाण्यात पडलं. एका घरात वाढलो, पण घरी कधी इतकं बोललो नाही.

मग डॉक्टर म्हणाले, बंद. आणि दादाने केली की बंद, एका दिवसात. चार महिने एकही नाही — लिहा, हे तुमच्या कामाचं आहे. वहिनी तर हरखून गेली. पण सिगारेट सुटली तसं त्याचं इथलं येणंही सुटलं. म्हणाला, तुझ्या दुकानाचा वास आला तरी जीव कासावीस होतो. बरोबरच होतं त्याचं. समोर मान खाली घालून बसलेला दिसायचा. मी बघत बसायचो. धंदा चांगला चालला होता, पण चार वाजले की माझं कशातच लक्ष लागेना — उगाच चिडचिड, हाताला चैन नाही. हसाल तुम्ही.

एका दुपारी हाक मारली मी. 'दादा, ये रे. एकच, माझ्यातर्फे.' एकीने काय होतंय, असं वाटलं — तीस वर्षं हाच धंदा करणाऱ्या मला वाटलं. आला. डोळे मिटून ओढली. दुसऱ्या दिवशी न बोलावता आला. आठवड्यात पुन्हा दिवसाला आठ, महिन्यात बारा. दिवसातून बारा वेळा यायचा, ताई. फार सुखात गेलं ते वर्ष माझं. वहिनीला वाटतं, दादाच मनाचा कच्चा निघाला. चारचौघांत म्हणते तसं. मी ऐकून घेतो.

आता तो प्रश्न मला विचारा. पुढचं सगळं आधी कळलं असतं — तो खोकला, दवाखाना, ते शटर — तर त्या दुपारी मी हाक मारली नसती का? नसती, असं रोज म्हणून बघतो. पण ह्या वेळेला दुकान किती शांत होतं, तुम्हाला नाही कळायचं... मारली असती.

हे नका लिहू. खोडा. 'माहीत नाही' लिहा तिथे. आणि उठा आता, ते स्टूल रिकामं करा. चार वाजले.