सुमेरियन बोलतं कोण?

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या देशी दुकानातली रांग काही केल्या सरकत नव्हती. आश्लेषाच्या पुढे एक आई आणि तिची कॉलेजातली लेक होती. आश्लेषाला वेळही होता आणि कानही.

"वैदेही, मेजर बायॉलॉजी, ते ठीक. पण जोडीच्या मायनर विषयाला हे काय काढलंस?"

"एन्शंट सिव्हिलायझेशन्स, आई. जुन्या संस्कृती, जुन्या भाषा. सुमेरियन वगैरे."

"सुमेरियन बोलतं कोण?"

"चार हजार वर्षांत कुणीच नाही."

"म्हणजे कुणाला कळतच नाही? आजच्या आज कॅन्सल कर."

"मॉम, थिंक! परवा मॉलमध्ये तू मराठीत म्हणालीस, त्या बाईचा ड्रेस पडद्याच्या कापडाचा आहे."

"ती नागपूरची निघेल, हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

"सुमेरियनमध्ये म्हणाली असतीस तर?"

आईने रांगेत पुढेमागे नजर टाकली.

"इथे एकही सुमेरियन नाही ना? नक्की?"

"अख्ख्या व्हर्जिनियात नाही."

"मग राहू दे ते मायनर. पण मलाही शिकव हं. आधी एवढं सांग, 'मागच्या बाईने एकटीसाठी आमरसाचे सहा डबे घेतलेत,' हे कसं म्हणायचं?"

आश्लेषाने दोन डबे हळूच बिस्किटांच्या फळीवर सरकवले.