ओवाळायला हेमलता, निवडायला भास्करराव

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, सूर तेवढा धरून ठेवा. आज मला राग आलाय, आणि देवीच्या मांडवात उभं राहून उसनं हसायची मला सवय नाही! एका प्रश्नाचं उत्तर द्या — आपण एखाद्याला वस्तू घेऊन देतो, तेव्हा ती त्याच्यासाठी घेतो की आपल्यासाठी? बोला की! पुढच्या रांगेतले काका तर चष्माच पुसायला लागले!

बरं, ऐका. गोष्ट आपल्या नाशकातलीच. इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर हेमलता नावाची सून राहते. तिची आई मनोरमाबाई गोदावरीपलीकडे, पंचवटीत, एकटी. आईला साखरेचा आजार, त्यात नजर अधू. इन्सुलिनच्या सुईवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून सकाळ-संध्याकाळ सुई टोचायला हेमलताने बस बदलत जायचं. बस चुकली की इकडे हिचा जीव टांगणीला, आणि तिकडे आई ताट झाकून बसलेली! सुईशिवाय घास घ्यायचा नाही ना. आईला इकडेच आणू का, असं हेमलताने एकदा भीत भीत विचारलं होतं. सासरे भास्करराव म्हणाले, जागा कुठाय? खरंच नाही हो! एक अख्खी खोली त्यांच्या व्यायामाच्या यंत्राला दिलेली आहे. त्यावर टॉवेल वाळतात!

शेवटी मनोरमाबाईंनी हातातल्या पाटल्या मोडल्या. लेकीला म्हणाल्या, विजेवरची गाडी घे, म्हणजे तुझी धावपळ वाचेल आणि मी वेळेवर जेवेन. कळलं ना, गाडी कशासाठी? घरातले सगळे विसरले. तुम्ही विसरू नका!

हेमलताची उंची बेताची. तिने घरी आधीच सांगून ठेवलं होतं — सीट खाली हवी, गर्दीत थांबले की दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मागे आई नीट बसली पाहिजे. आणि आपल्या पार्किंगमध्ये प्लग नाही, तेव्हा बॅटरी काढून वर नेता आली पाहिजे. इतकं साधं मागणं!

शोरूममध्ये भास्करराव पुढे, नवरा सतेज त्यांच्या मागे, आणि गाडी जिची ती पर्स सांभाळत कोपऱ्यात. भास्करराव विचारतायत काय? वेग किती, जोर किती! अहो, नाशकाच्या रहदारीत वेग कुठे घालणार, खिशात? त्यांच्या मनात भरली एक उंच, काळी, दांडगी गाडी. बॅटरी आत कायमची बसवलेली. विकणारा मुलगा बिचारा म्हणाला, वहिनी चालवणार ना, त्यांना एक चक्कर मारू द्या.

हेमलताने पर्स सतेजच्या हातात दिली, पदर खोचला, पुढे झाली. आणि भास्कररावांचा आवाज आला, "पूजेआधी बसायचं नाही. दसऱ्याला मुहूर्तावर पूजा होईल, मग बस."

झालं! पुढे टाकलेलं पाऊल तिने मागे घेतलं. पर्स परत घेतली. देवाचं नाव मधे आलं ना!

कुठल्या पोथीत लिहिलंय हे? माझं आयुष्य पोथ्या वाचण्यात गेलं, मला दाखवा की! आणि तेच भास्करराव पाचच मिनिटांपूर्वी त्या गाडीवर बसून आरशात मिशा न्याहाळत होते. तेव्हा मुहूर्त कुठे गेला होता? आपली मर्जी चालवायची आणि सही देवाची मारायची! याचा मला संताप येतो.

दसरा आला. गाडीला झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. गाडीवर बसला सतेज, मागे भास्करराव. फोटो! आणि हेमलता? खाली उभी, हातात निरांजनाचं तबक. ओवाळतेय गाडीला! मंडळी, वर बघा. ही आपली जगदंबा. सिंहावर बसलीय ना? जगदंबा खाली उभी आहे आणि सिंहाला ओवाळतेय, अशी मूर्ती कुणी पाहिलीय? मग घरातल्या देवीला का उभं करता रे?

दुसऱ्या दिवशी ती गाडीवर बसली. पायाची फक्त बोटं टेकली. सतेज म्हणाला, होईल सवय. बॅटरी वर नेता येईना, म्हणून भास्कररावांनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडली. खालच्या बाईंचं वाळत घातलेलं लुगडं तिच्यात अडकलं, सोसायटीने वायर बंद केली. मग गाडी चार्ज करायला लांबच्या दुकानात ताटकळायचं. पंचवटीत पुन्हा ताट झाकलेलंच!

आणि एक दिवस आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेताना, द्वारका चौकातल्या सिग्नलला, हेमलताने ब्रेक दाबला. गाडी कलली. बोटांनी किती पेलायचं? दोघी रस्त्यावर. आईचं मनगट मोडलं.

दवाखान्यात भास्करराव आले. म्हणाले काय? "गाडी उत्तम आहे. हिलाच जमत नाही."

मनोरमाबाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. हळू बोलल्या, "भास्करराव, पाटल्या गेल्या तेव्हापासून हा हात मोकळाच होता. आता भरला. आता तरी तिला बसून बघू द्या."

 

हेमलता मग कुणालाच विचारायला गेली नाही. आईला रिक्षात घालून शोरूम गाठली. एकेका गाडीवर बसली, टाचा टेकवून बघितल्या. आईला मागे बसवलं. बॅटरी उचलून दारापर्यंत चालून आली. आणि तिला सापडली एक बुटकी, पिस्त्याच्या रंगाची, सावकाश जाणारी गाडी. काळी गाडी देऊन तिने ती घेतली आणि आईला रिक्षाने पंचवटीला धाडलं.

घरी आली तर फाटकात भास्करराव. हातात लिंबू! म्हणाले, थांब, उतर, आधी पूजा व्हायचीय.

ती उतरली नाही. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट होते तिचे. म्हणाली, "बाबा, आईच्या सुईची वेळ झाली." आणि गेली. लिंबू भास्कररावांच्या हातातच राहिलं. सरबत करा म्हणावं!

हसताय? हसू नका! मांडवाबाहेर तुमच्या गाड्या लागल्यात, येताना बघितल्या मी. उद्या दसरा. किती घरांत तिच्या नावावर गाडी आणि किल्ली तुमच्या कमरेला आहे? ज्याच्यासाठी वस्तू घेताय त्याला आधी बसवून बघितलंत का? उद्या तबक तुम्ही धरा, तिला गाडीवर बसू द्या. एवढं जमत नसेल तर कीर्तन संपल्यावर माझ्या पाया पडायला येऊ नका. पाय मागे घेईन मी!

घ्या आता टाळ. आणि उदो म्हणायच्या आधी सगळ्यांनी मान वर करून एकदा नीट बघा, आई बसलेली आहे. म्हणा — सिंहावर बसलेल्या जगदंबेचा उदो, उदो!