तिसऱ्या मजल्यावरचा दवाखाना

आमच्या शेजारच्या खोलीत मुरगूडची शैला राहायची, कॉलेजात शिकायला. तिला दमा. बाहेरच्या डॉक्टरची फी परवडेना, म्हणून तिनं पोरं-पोरी जमवून, घोषणा देऊन कॉलेजातच फुकट दवाखाना मागितला. आणि मिळाला की! पण कुठं, तर तिसऱ्या मजल्यावर. त्यात खाली ऑफिसात केसपेपर काढल्याशिवाय कुणाला तपासायचं नाही, हा प्राचार्यांचा नियम.

मग आजारी माणूस वर चढतंय कशाला? प्राचार्य म्हणाले, "आमची पोरं ठणठणीत हायत. दवाखाना बंद करूया."

शैला मला म्हणाली, "काकू, आज साहेबांना वर नेतोच."

माझं तिथं काय काम नव्हतं, पण घरात पाय ठरेना. गेले मागोमाग.

"सर, बंद करायच्या आधी एकदा बघून तर या," शैला म्हणाली. साहेब ताठ मानेनं निघाले. पहिल्या मजल्यापर्यंत त्यांनी आम्हाला शिस्तीवर भाषण दिलं. दुसऱ्यावर कठडा धरला. तिसऱ्यावर छाती धरूनच पोचले. शैला तर शेवटच्या पायरीवर बसली, शिट्टी वाजल्यागत श्वास घेत.

डॉक्टरीणबाई स्वेटर विणत होत्या. माणूस बघून हरखल्याच. "या, या सर! अगंबाई, किती धाप लागलीय!"

"आधी... तपासा," साहेब कसेबसे म्हणाले.

"तपासते की. केसपेपर कुठाय?"

साहेबांनी खिसे चाचपले. शैलाच पायरीवरून म्हणाली, "सर, खाली ऑफिसात मिळतोय. सावकाश जावा, आम्ही हाय हितंच."