मामांच्या तांब्यातलं दूध

आमच्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, गप्प झालेलं मंगळवार पेठेत कुणी बघितलं न्हवतं. माझं पोरगं तीन महिन्यांचं असताना ते घरच्या म्हशीचं धारोष्ण दूध तांब्यात घेऊन आले.

"दोन चमचे पाज. पैलवान हुतंय बघ."

मी म्हटलं, "सहा महिने अंगावरचंच पाजायचं, डॉक्टरनी सांगितलंय."

"डॉक्टरला काय कळतंय?"

"बरं. आपल्या म्हशीच्या रेडकाला कुणाचं दूध पाजता?"

"त्याच्या आईचं की."

"मग माझ्या रेडकानं काय घोडं मारलंय?"

मामांनी तांब्या उचलला आणि सगळं दूध उभ्यानं स्वतःच पिऊन टाकलं.

संध्याकाळी शेजारच्या काकू बाळाला गुटी घेऊन आल्या, तर मामा दारातच आडवे आले.

"परत न्या ती. म्हशीला कळतंय, तुम्हास्नी कळंना व्हय?"