काळ्या गाडीवरच्या रेघा

...आणि सावलीत पाहावं तर नाही, उन्हात पाहावं तर आहे! आता बोला! अशा गोष्टीचं माणसानं करावं काय, तुम्हीच सांगा. ओरखडा म्हटला की नख अडकलं पाहिजे की नाही? आमचे भय्यासाहेब सकाळपासून गाडीच्या बॉनेटवर नख फिरवून राहिले होते, नख काही अडकेना, आणि डोळ्याला मात्र हजार रेघा... केसाहून बारीक, गोल गोल, कोळ्यानं जाळं विणावं तशा! मान डावीकडे केली की जाळं डावीकडे, उजवीकडे केली की उजवीकडे! म्हणजे हे जाळं गाडीवर आहे का डोळ्यात? मोतीबिंदू तर नाही? घरात जाऊन भिंतीकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं... तिथे जाळं नाही. विनतावहिनी दचकल्या, "काय झालं हो?" तर म्हणे, "काही नाही, तू ठीक आहेस," आणि परत अंगणात!

हे सगळं लावून दिलं त्यांच्या भाच्यानं. अंबरीश. नागपूरला बँकेत असतो, दोन दिवस मामाकडे इकडे हिंदी मुलखात, रांझीला आला होता. चहा पिता पिता मोबाईलचा टॉर्च लावला, बॉनेटवर धरला आणि म्हणाला, "मामा, स्वर्ल मार्क्स!" बस्, असल्या गोल रेघांचं हे इंग्रजी नाव, एवढं बोलला आणि दुपारच्या गाडीनं गेला निघून! वहिनी आतून ओरडल्या, "मार्क्स? कोणाला मिळाले? कितीपैकी?" आता कितीपैकी काय सांगणार? भय्यासाहेब तर चहा टाकून बॉनेटवर वाकले होते.

कारण तुम्हाला सांगतो, दुसरा कोणी असता तर चाललं असतं. पण भय्यासाहेब! चौतीस वर्षं फॅक्टरीत मिलिटरीच्या ट्रकांचा रंग तपासला त्या माणसानं. ट्रक रंगून समोर यायचा, हे हात मागे बांधून एक चक्कर मारायचे, आणि त्यांनी 'पास' म्हटल्याशिवाय ट्रकची शेडबाहेर पडायची बिशाद नव्हती! पण तो रंग कसला? शेवाळी हिरवा, मातकट. त्या रंगाचा धर्मच असा की चमकायचं नाही. चमकला की दुश्मनाला दिसला! चौतीस वर्षं चमक शोधून शोधून नापास केली, आणि रिटायर झाल्यावर पहिलं काय घेतलं, तर काळीभोर चकचकीत गाडी! आणि तिचा असा लाड, की आधी गाडी पुसायची, मग चहा. रोज. पाऊस असो, थंडी असो. मऊ सुती धोतराचं फडकं घेऊन गोल गोल, गोल गोल... तीन वर्षं. आणि तिच्या अंगावर हजार रेघा निघाव्या?

मग केल्या कोणी? अहो, विचारायचं कशाला! आठच दिवसांपूर्वी गाडी शैलेंद्र घेऊन गेले होते ना! कांचघर मोहल्ल्यातले शैलेंद्र, भय्यासाहेबांचे जिवलग. फॅक्टरीत दोघं एकाच दिवशी लागले, एका डब्यात जेवले, एकाच महिन्यात रिटायर झाले. त्यांच्या मुलाचं, आनंदचं लग्न होतं, नवरदेवाला गाडी पाहिजे होती, भय्यासाहेबांनी स्वतः किल्ली हातात दिली. एक दिवस म्हणून नेलेली गाडी परत आली तिसऱ्या दिवशी! आता जोडा तुम्हीच.

भय्यासाहेबांनी जोडलं. गेले तडक कांचघरला. शैलेंद्र दारातच भेटले, हातात पाण्याची झारी, तुळशीला पाणी घालून राहिले होते. भय्यासाहेब म्हणाले, "काय केलंस गाडीचं?"

झारी थांबली.

"चौतीस वर्षं रंग पाहिला मी, शैलेंद्र. मला दिसणार नाही असं वाटलं तुला?"

आणि शैलेंद्र मान खाली घालून म्हणाले, "चुकलं, भय्या. मी सांगणारच होतो, पण..."

"एक शब्द बोलू नको!" म्हणाले आणि मागे फिरले. खलास! सदतीस वर्षांची मैत्री तुळशीपाशी खलास! संध्याकाळचं दोघांचं फिरणं बंद, फोन बंद, आनंदच्या बायकोच्या हातचं पहिलं जेवण होतं तिथेही गेले नाहीत. चार महिने! विनतावहिनींनी एकदा विचारलं, "अहो, पण रेघा आहेत कुठे? मला तर दिसत नाहीत." भय्यासाहेबांनी हाताला धरून त्यांना बाहेर नेलं... तर नेमके ढग आलेले. रेघा गायब! सावलीत नाही, उन्हात आहे, आता बोला! बिचारे दोघं नवराबायको अंगणात आभाळाकडे तोंड करून अर्धा तास उभे. शेजारचे बापू विचारतात, "भय्यासाहेब, ग्रहण आहे का आज?"

शेवटी कोणीतरी सांगितलं, सिविल लाइन्सला एक दुकान आहे, गाडीच्या रेघा काढून देतात. दुकानदार अनुपम, असेल तिशीचा, आपलाच मराठी, पण बोलायला लागला की एक पाय मराठीत, दुसरा हिंदीत. भय्यासाहेबांनी गाडी आत घेतली, अनुपमनं मोठा दिवा लावला आणि... अरे देवा! उन्हात हजार दिसत होत्या, इथे लाख!

"कशा काढणार?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"मशीन से घिसेंगे, काका."

"घासणार?"

"हाँ जी. वरचा पारदर्शक थर असतो ना, तो थोडासा घासून काढायचा. रेघा त्याच्यातच आहेत. थर गेला, रेघा गेल्या."

भय्यासाहेब स्टुलावर बसले. त्यांना समजेचना. "म्हणजे... घासल्यामुळे रेघा झाल्या?"

"बरोबर."

"आणि त्या काढायला तू आणखी घासणार?"

"एकदम बरोबर!"

"मग तुझ्या घासण्यानं रेघा नाही पडणार?"

"पडतील ना. पण त्या दुसऱ्या औषधानं घासायच्या, मग आणखी बारीक पडतील. त्या तिसऱ्या औषधानं..."

"आणि शेवटी?"

"शेवटी इतक्या बारीक की दिखेंगे ही नहीं!"

आता सांगा! म्हणजे रेघा जात नाहीतच, नुसत्या लहान होत जातात? भय्यासाहेबांना वाटलं, हा गाडीबद्दल बोलून राहिला का संसाराबद्दल? पण अनुपमनं बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली, मशीन चालवलं, गुर्र गुर्र... आणि पट्टी काढली तर काय! या अर्ध्यात जाळं, त्या अर्ध्यात विहिरीचं पाणी! वाकून पाहिलं तर स्वतःच्या नाकातले केस मोजता यावेत! भय्यासाहेबांचे डोळे भरून आले हो. म्हणाले, "पाहा, कशी होती माझी गाडी! आणि त्या माणसानं एका लग्नात तिची काय दशा केली!"

"एका लग्नात?" अनुपम थांबला. "काका, ये एक दिन का काम नहीं है. ही वर्षांची मेहनत आहे. गाडी पुसतं कोण?"

"मीच."

"रोज?"

"रोज!" भय्यासाहेब अभिमानानं म्हणाले.

"आधी पाणी मारून?"

"छे! कोरडीच. धूळ असते ना, पाण्यानं चिखल होतो. मऊ फडक्यानं, गोल गोल..." असं म्हणून हवेत हात फिरवून दाखवला. आणि फिरता फिरता तो हात तुम्हाला सांगतो, हळूहळू थांबला.

अनुपमनं नुसतं स्टूल सरकवलं आणि म्हणाला, "चढा यावर. छत पाहा." भय्यासाहेब चढले. आता भय्यासाहेब उंचीला किती, तर माझ्या खांद्याला लागतात. छतावर दिवा धरला... चारी कडांना जाळंच जाळं, आणि मधोमध, ताटाएवढी जागा, स्वच्छ! एक रेघ नाही!

"इथे का नाही?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"कारण इथे तुमचा हात पोचत नाही, काका."

भय्यासाहेब स्टुलावर तसेच उभे.  खाली कसं उतरावं हेच त्यांना कळेना! फडकं मऊ होतं, पण धूळ मऊ नव्हती ना. तीन वर्षं रोज सकाळी ज्या हातानं लाड केला, त्याच हातानं... आणि दोष कोणाला दिला? शैलेंद्रला! आणि इथेच सगळ्यात मोठं कोडं, ज्यानं काही केलंच नाही तो 'चुकलं' काहून म्हणाला?

रात्रभर... नाही, झोपले बरं का, पण सकाळी उठल्या उठल्या उत्तर सुचलं. वहिनींना म्हणाले, "अगं, तो देवमाणूस आहे! मी चिडलो आहे हे पाहिलं, वाद नको म्हणून न केलेली चूक अंगावर घेतली त्यानं! आणि मी चार महिने... माझ्यासारखा नालायक मीच!" वहिनी म्हणाल्या, "मग जा ना, माफी मागा." गाडी तयार होऊन आली होती, काळी की निळी कळू नये अशी चमक! उन्हात उभी केली, सावलीत उभी केली... उन्हात नाही, सावलीतही नाही! खोव्याच्या जिलेबीचा डबा घेतला आणि निघाले कांचघरला.

शैलेंद्र पडवीतच पेपर वाचत बसले होते. भय्यासाहेबांना पाहिलं आणि चटकन उभे राहिले.  मग भय्यासाहेबांनी सरळ हात जोडले. "शैलेंद्र, मला माफ कर. तू काही केलं नव्हतं. ते मीच केलं होतं."

शैलेंद्र गोंधळले. "तू? तू कसं करशील? तू तर वरातीत पुढे नाचत होतास!"

"वरातीत नाही रे. घरीच. रोज सकाळी."

"रोज सकाळी... दार?"

"दार काय, बॉनेट, छत, सगळीकडे! रेघा रे, रेघा!"

"कोणत्या रेघा?"

आता भय्यासाहेब गोंधळले. "तू 'चुकलं' म्हणालास ते कशाबद्दल?"

शैलेंद्र खाली बसले. घाम पुसला. आतून शैलेंद्रची बायको, हेमलतावहिनी, चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या. शैलेंद्र म्हणाले, "भय्या, तू रंगाचं बोललास, मला वाटलं तू दार पकडलं! वरातीत बँडवाल्यांची दिव्यांची हातगाडी मागच्या दाराला लागली. एवढा मोठा पोचा आला, रंग गेला. मी घाबरलो. इथल्याच एका पेंटरकडे दोन दिवस ठेवली, ठोकून, रंगवून घेतली. म्हणून तर उशीर झाला! सांगणार होतो, पण तू एक शब्द बोलू नको म्हणालास... मी म्हटलं, याच्या नजरेतून काय सुटणार!"

भय्यासाहेब उठले. गाडीपाशी गेले. मागच्या दारासमोर उभे राहिले, हात मागे. उन्हात पाहिलं. वाकून पाहिलं. बाजूनं पाहिलं. चार महिने! चार महिने रोज त्याच दारावरून हात फिरवला होता! परत आले, बसले, आणि फार हळू आवाजात म्हणाले, "कोणतं दार म्हणालास?"

"मागचं. डावीकडचं."

"मी उजवीकडचं पाहिलं."

परत गेले. डावीकडचं पाहिलं, तिथेही काही सापडेना. परत आले.

"रागावलास?" शैलेंद्रनं विचारलं.

भय्यासाहेबांनी परत हात जोडले, एकदा स्वतःचे हात पाहिले, एकदा शैलेंद्रचे पाहिले, कारण आता तेही जोडलेले होते. म्हणाले, "थांब रे बा. आधी हे ठरू दे, की आपल्यात कोण कोणाची माफी मागून राहिला आहे. मग रागवायचं की नाही ते पाहू."

हेमलतावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चहा गार होईल, चहा पिऊन ठरवा." त्यांनी प्याला. मग आणखी एक प्याला. डबा दोघांनी मिळून संपवला. तुम्हाला सांगतो, या गोष्टीला दीड महिना झाला, रोज संध्याकाळी दोघं ठरवायला बसतात... अजून ठरलं नाही.