केळ्याशिवाय केळ्याचा वास

...मग केळं कुठंय? एवढंच विचारलं हो मी! त्यात चोरी का काय केली? तुम्हाला सांगते, वास येतोय केळ्याचा, पिकून काळं पडलेल्या गोड केळ्याचा, भिंतीवरून थेट माझ्या स्वयंपाकघरात, आणि शेजारी डोकावावं तर चूल गार, कढई पालथी, दोरीवर नुसता त्या घरच्या पोरीचा, वेनिंगचा, कारखान्यातला निळा गणवेश! मी हुंगला. हो, हुंगला! भिंत बुटकी, दोरी भिंतीला लागून, नाक माझं स्वतःचं... कुणाचं काय जातं?

तेवढ्यात मागनं वेनिंगचाच आवाज, "बुदे, माझी बाही सोडा."

बुदे म्हणजे मावशी, मोजोकेर्तो गावातली आमची अख्खी गल्ली मला तेच म्हणते. म्हटलं, "सोडते गं, पण केळं कुठंय?" तर ही हसत सुटली. "केळं नाहीच, बुदे! शिरक्यासारखं आंबट नि दारू एकत्र तापवून वास बनवतो आम्ही, बिस्किटात घालायला." अल्ला! नमाजी पोरगी, इंजिनियर, आणि दारू? "अहो, प्यायची नव्हे! मळीतून निघते ती उग्र, तिला कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही."

आणि बसली की माझ्या ओट्यावर, माझंच मोदकपात्रासारखं उकडायचं भांडं पुढ्यात घेऊन! "त्या दोघांचं सुगंधी तेल होतं आणि पाणी होतं. पण पाणी तिथंच थांबलं ना, की तेल मोडतं आणि होतं त्याचं परत तेच होतं. म्हणून लोक एका भांड्यात शिजवतात, दुसऱ्यात वेगळं करतात, उरलेलं परत पहिल्यात... मी एकच उंच नळकांडं आखलंय. शिजतंय तिथंच वेगळं होतंय. पाणी वाफ होऊन वर, तेल खाली."

"म्हणजे भात शिजतोय तिथंच पेज निथळतेय!"

"तेच, बुदे!"

मग रडतेस का गं? कारण डोळे सुजलेले, मला दिसत नाही का? तर म्हणे, वेगळं व्हायला आच वाढवावी तर आतले औषधाचे दाणे करपतात, ज्यांच्यामुळं सगळं शिजतं ते. आच कमी केली तर शिजतं, पण वेगळं होत नाही. दोन्ही कामं एकाच आचेवर जमेनात. मला तर भात आणि दूध एका वेळी जमत नाही, एक उतू जातंच!

पण पोरगी चिवट हो. नळकांड्यातली हवाच ओढून घेतली तिनं, मग कमी आचेवरच उकळायला लागलं, दाणेही वाचले, पाणीही उडालं. तिच्या बाबांनी, पाक सामिजाननी, पिवळ्या भाताचा डोंगर रचला, तुंपेंग, कारखान्याची माणसं अंगणात, मी केळीची पानं मांडतेय (पानं! केळं कुठंय ते विचारूच नका), आणि वेनिंगनं भाताचा शेंडा कापून बाबांच्या पानात ठेवला, मानाचा. बायको गेल्यापासून त्यांना तेवढीच एक. तिथं तिचा साहेब माझ्या कानाशी हळहळला, "समुद्रापलीकडं लाम्पुंगला मोठं नळकांडं हिनंच उभारायचं, पण नाही म्हणते."

आता मी काय ढोल पिटला का? मी आपलं एवढंच म्हटलं, जरा मोठ्यानं, "अगं, लाम्पुंगला नाही का म्हणालीस?"

पाक सामिजाननी चमचा खाली ठेवला. "पोरी, मलाही समजावलं होतंस ना, पाणी तिथंच थांबलं की काय होतं म्हणालीस?"

"बाबा, जेवा ना."

"काय होतं?"

"होतं त्याचं... परत तेच होतं. पण तुम्ही पाणी नाही, बाबा!"

"मग कोण? तेल तर तू आहेस." आणि तो मानाचा शेंडा उचलून त्यांनी तिच्या पानात ठेवला. "तयार झालेलं भांड्यात ठेवत नाहीत. खा नि निघ."

मी रडले नाही. सांबलच्या चटणीत मिरच्या जास्त पडल्या होत्या.

गेली ती. बस, मग बोट. जाताना एक गणवेश राहिला दोरीवर, तसाच वासाचा. पाक सामिजान तो धुवत नाहीत, आत नेत नाहीत, संध्याकाळी नुसते त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसतात. मला बघवेना. म्हणून म्हटलं, तळूया! रोज केळी आणते, पिठात बुडवते, तळते, ताटली भिंतीवरून पलीकडे. आता नका विचारू केळं कुठंय, ढीग पडलाय घरात! काल त्यांनी एक उचललं, डोळे मिटले, हुंगलं, बराच वेळ हुंगलं... आणि हळूच म्हणाले, "छान झालीत, बुदे. पण याला काही केळ्याचा वास येत नाही."

म्हटलं, बरं, उद्या जरा जास्त पिकलेली आणते.