चौरंगाचा फिकट रंग

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. एरवी मंडळातली भांडणे मी चहावर काढत नाही.

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या गणेशमंडळासाठी चौरंग करून घेण्याचे काम माझ्याकडे होते. मी लागवडीचे सागवान निवडले. त्यासाठी जुने जंगल तुटत नाही. जेवढी झाडे तोडतात, तेवढी पुन्हा लावतात. लाकूड फिकट होते, पण नीट वाळवलेले. इरफान मिस्त्री रंधा मारता मारता म्हणाले, "साहब, सूखी लकड़ी है, मुड़ेगी नहीं."

स्थापनेच्या आदल्या सकाळी अध्यक्ष जोशीसाहेब गडद पॉलिशचा डबा घेऊन आले.

"अहो, हे पांढरंफटक काय? मी ग्रुपवर बर्मा टीक, ब्रह्मदेशातलं जुनं सागवान, म्हणून टाकून बसलोय! दोन हात मारून घ्या. कोणाला कळणार आहे?"

"ज्याला त्यावर बसायचंय, त्याला."

"यार, तुम्ही पण ना! देवाचं आसन चांगलं दिसायला नको?"

"चांगलंच आहे. फक्त खोटं नाही."

जोशीसाहेबांनी डब्याचे झाकण उघडले. "अध्यक्ष मी आहे."

"आहात. पण हा रंगवलात, तर उद्या आरतीनंतर मी सगळ्यांसमोर उभा राहून लाकूड कोणतं ते सांगेन."

"आणि मी लोकांना काय तोंड दाखवू?"

मी डबा त्यांच्या हातून घेतला आणि झाकण घट्ट बसवले.

"लाकूड आहे तसंच राहील, साहेब. मेसेज बदला."